नायकणीनं खाल्लेला गूळ

डोंगरसिंग आमदार झाला त्या सालापासून रुपीबाईला एकदाही सलग जेवता आलं नाही. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवावा, तो तोंडाशी न्यावा, की ओट्यावरून हाक येई, "राम राम, नायकण! आमदार हायेत का?" आमदार नसत. आमदार मुंबईला असत, नाहीतर नागपूरला, नाहीतर यवतमाळला. रुपीबाई तो घास तसाच ताटात ठेवून उठे, हात धुई, आणि चहाचं आधण ठेवी. परत येई तेव्हा भाकरीवर माशा बसलेल्या असत.

निवडणुकीच्या आधी त्या ओट्यावर मिरच्या वाळायच्या. आता माणसं वाळत असत. रुपीबाईच तसं म्हणायची.

बंजाऱ्यांचा तो तांडा महागावच्या रस्त्याला लागून होता. डोंगरसिंगचा बाप त्या तांड्याचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्या शब्दावर तांडा उठे, त्याच्या शब्दावर बसे. तो गेल्यावर नायकपण डोंगरसिंगकडं आलं. डोंगरसिंग सातवी पास झाला होता, बाजारात बोलायला भीत नव्हता, आणि बापाचं नाव चाळीस तांड्यांत होतं. सत्तावन साली पक्षाच्या लोकांनी येऊन त्याच्या गळ्यात हार घातला. रुपीबाई तेव्हा गोठ्यात होती. तिला वाटलं, कुणाची तरी वरात आली.

राज्य म्हणजे काय, हे तिला नवऱ्याच्या जाण्यायेण्यावरून कळलं. सरकार आधी नागपुरात होतं, ते जवळ. छप्पन साली ते मुंबईला गेलं. "सरकारलेही लांबच देऊन टाकलं का बाप्पा," ती म्हणाली होती. "माहेरी यायची सोय नाई ठेवली." पुढं साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा डोंगरसिंगनं पेढे आणले. तिनं तांड्यात घरोघर वाटले. ओट्यावरची माणसं काही कमी झाली नाहीत.

एकदा, अठ्ठावन साली, तो तिला मुंबईला घेऊन गेला. तिनं नेसला होता आपला नेहमीचा आरशांचा फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, अंगात कांचळी, कोपरापर्यंत चुडे. आमदारांच्या राहायच्या जागेच्या फाटकावर पहारेकऱ्यानं तिला अडवलं. "माल विकायला आत जायचं नाही," तो म्हणाला. डोंगरसिंग पुढं निघून गेला होता, तो धावत परत आला. त्याच दिवशी त्यानं बाजारातून पातळ आणलं. दोन दिवस तिनं ते नेसलं. चालताना पाय बांधल्यासारखे वाटत. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा फेटियात. फाटकावरच्या माणसासमोरून जाताना तिनं चुडे मुद्दाम वाजवले.

सभागृहही तिनं वरून पाहिलं. नवरा मागच्या बाकावर, खांबाशेजारी, दोन तास बसला आणि एक शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुमी कायी बोलले नाई?"

"सकाळी सही केली ना. हजेरी लागली."

"सही सकाळीच झाली त मंग दोन घंटे कायले बसले होते?"

डोंगरसिंग पुढं चालू लागला. तो बरा माणूस होता, हे रुपीबाईला पक्कं ठाऊक होतं. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. त्या दिवशी ते लाल नव्हते. नुसता थकलेला होता.

त्याच्या मागं लोक अर्ज घेऊन येत, ते रुपीबाई घेई. तिला वाचता येत नव्हतं. पण पाण्याचे अर्ज ती रिकाम्या घागरीखाली ठेवी, शाळेचे खिडकीत, जमिनीचे ज्वारीच्या कणगीवर आणि भावाभावांच्या भांडणाचे मुसळाखाली. डोंगरसिंग घरी आला की ती एकेक काढून समोर ठेवी आणि कोणाचा कोणता ते चेहऱ्यावरून सांगे. "हा डोयानं तिरप्याचा. हा रडत होती तिचा." चार वर्षांत एक अर्ज हरवला नाही. त्यातले किती पुढं सरकले, ते तिला माहीत नव्हतं. तो सांगत नसे आणि ती विचारून विचारून थकली होती. ती आत येई, बाहेर जाई, उगाच चुलीतली राख काढी, परत ओट्यावर जाई. तिची नणंद म्हणायची, "भाभी, तुले बसता येत नाई का एका जागी?" येत नव्हतं.

एकसष्ट सालच्या होळीनंतरची गोष्ट. डोंगरसिंग अंदाजपत्रकासाठी मुंबईला होता. सकाळी उन्हं चढली तेव्हा तिच्या माहेरच्या तांड्याचा नायक धावजी आला. सोबत चार बाया. त्यांत तिची सख्खी भोजाई, भाऊ किसनसिंगची बायको जमनी. सहा कोस डोंगर उतरून आले होते. जमनीच्या हातात पितळी थाळी होती, थाळीवर फडकं.

रुपीबाईनं पाणी दिलं. जमनीनं तांब्या तोंडाला लावला आणि संपवला. मग दुसरा. मग म्हणाली, "तुह्या घरचं पाणी गोड हाये, रुपी. आमच्या इथं पाणी नाई, चिखल पितो आमी."

तांड्यातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. वर डोंगरात विहीर नव्हती. नाल्याच्या रेतीत खड्डा खणायचा, त्यात पाझरेल तेवढं वाटीनं घ्यायचं. एक हंडा भरायला अर्धा घंटा. रुपीबाई लहानपणी त्याच झिऱ्यावर वाटी धरून बसली होती. पण जमनीचं दुखणं त्याहून खोल होतं. तिचा मोठा पोरगा हिरासिंग पंचविशी ओलांडून गेला, आणि तीन तांड्यांतून त्याला पोरगी मिळता मिळता राहिली. गूळ खाऊन सोयरीक पक्की करायची, आणि पोरीच्या बापानं झिरा पाहिला की गूळ परत यायचा. शेवटच्या वेळी एका बापानं सरळ तोंडावर म्हटलं होतं, "मी पोरगी देऊन राह्यलो, पाण्याचा बैल नाई."

धावजीनं फडकं बाजूला केलं. थाळीत गुळाचा खडा होता. "नायक घरी नाई," तो म्हणाला, "पण नायकण हाये. या साली ब्लॉकाकडून तालुक्यात एक इहीर बाकी हाये, असं समजलं. आमदारानं लिहून देल्लं का ते होते. तू खाशील का?"

गूळ खाणं म्हणजे बोल देणं. सासरा असताना रुपीबाईनं हे स्वतः पाहिलं होतं: नायक बाहेरगावी गेलेला, दोन तांड्यांच्या शिवेचा वाद, आणि सासूनं त्याच्या जागी गूळ खाल्ला. सासरा परत आला तेव्हा त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. तो बोल त्याचाच होता. नायकणीनं खाल्ला म्हणजे नायकानं खाल्ला.

रुपीबाईनं खडा उचलला आणि खाल्ला. जमनीनं तोंडावर पदर घेतला. पदराआड ती हसत होती की रडत होती, ते कळलं नाही.

वैशाखात डोंगरसिंग आला. पक्षाच्या जीपमधून आला, अंगावर इस्त्रीचा सदरा, आणि बऱ्याच दिवसांनी खुशीत. बसल्या बसल्या म्हणाला, "एक काम चांगलं झालं. ती शेवटची इहीर बोरखडीले देली."

रुपीबाई पीठ मळत होती. तिचे हात परातीत थांबले. "बोरखडीले? बोरखडीत दोन इहिरी हायेत ना."

"तिसरी भय्यासाहेबाच्या वाडीकडं. तुले नाई समजत. अठरा गावं त्याच्या शब्दात हायेत. टिकिटं वाटायच्या टायमाले त्यानं एक शब्द टाकला का..."

"मी गूळ खाल्ला."

"कोणाचा?"

"धावजी बापूचा. इहिरीचा."

तो आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. "गुळानं इहीर होते का? कागदानं होते."

"तुमच्या मायनं खाल्लाता तवा शीव झाली होती."

"माय नायकण होती, माहा बाप नायक होता. मी आमदार हाये, रुपी."

"मंग आमदार नायकाहून मोठा का लहान?"

डोंगरसिंग उठून ओट्यावर गेला, परत आत आला. त्याचे कान लाल झाले नव्हते. पण तो तिच्याकडं पाहतही नव्हता. "मोठा," तो शेवटी म्हणाला. "पण नायकाचा बोल त्याचा एकट्याचा असते. आमदाराचा नसते. कोणी म्हणते द्या, कोणी म्हणते नोको. तू सांग, चार वर्षांत माह्या नावानं काय झालं? दोन शाळा, अन् अर्धा रस्ता. पुन्हा निवडून आलो का पुढच्या साली तुह्या माहेरची इहीर पहिली."

"पुढच्या साली तुमी असाल, नसाल. गूळ या साली खाल्ला."

संध्याकाळी भाकरी खाताना त्यालाच वाट सुचली. आमदार असला तरी तांड्याचा पोर होता, तांड्याच्या रिती त्याला तोंडपाठ. "सोडवून घे ना मंग," तो म्हणाला. "गूळ घेऊन जा. घरोघर हातावर दे. ज्यानं घेतला त्यानं सोडलं. रीत हाये ना आपली?"

रीत होती. धावजीच्या तांड्यातही तीच होती. ज्यानं बोल दिला आणि पाळता येईना, त्यानं स्वतः दारोदार जाऊन प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवायचा. हात पुढं केला त्या घरानं मोकळं केलं. सगळ्या घरांनी केलं की बोल गेला. लाज तेवढी राहते, पण लाजेवर दंड नाही. आणि सोडवून न घेता बोल मोडला, तर त्या माणसाच्या हातचं पाणी तांडा पीत नाही.

आपल्याच माहेरी आपल्या हातचं पाणी चालणार नाही, हे रुपीबाईला नको होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारातच ती गुळाची ढेप घेऊन बैलबंडीत बसली.

बावीस घरं होती. धावजीनं सगळं ऐकून घेतलं, नुसती मान हलवली आणि पहिला हात स्वतः पुढं केला. तेच तिला जास्त लागलं. दुसऱ्या दारातली म्हातारी म्हणाली, "आमदाराच्या घरचा गूळ हाये, गोड असन बाप्पा." तिसऱ्या घरी एका पोक्त माणसानं समजूत घातली, "तुह्याकडून काय व्हावं, बाई? बायकांच्या हाती कायी असते का." ती समजूत टोमण्याहून वाईट होती. एका घरात तिच्याबरोबर खेळलेली बाई होती. तिनं गूळ घेतला, आणि रुपीबाईकडं पाहिलंच नाही, दार लावून घेतलं.

दुपारपर्यंत एकवीस घरं झाली. भावाचं घर बंद होतं. जमनी झिऱ्यावर गेली होती.

रुपीबाई नाल्यात उतरली. रेती तापलेली. जमनी कंबरेएवढ्या खड्ड्यात उकिडवी बसून वाटीनं खरवडून पाणी घेत होती. वरती चार बाया आपापले हंडे घेऊन बसल्या होत्या. रुपीबाईनं खड्ड्याच्या कडेला बसून हात पुढं केला. "घे, भोजाई."

"हात ओले हायेत."

"पूस."

"पुसले तरी नाई उघडणार." जमनीनं वाटी हंड्यात रिकामी केली. "एकवीस घरांनी घेतला, मले माहीत हाये. त्यायचं चांगलं होवो. माह्या पोराचं काय? येत्या पुनवेला पुन्हा एका पोरीचा बाप येऊन राह्यला. त्याले मी काय दावू, हा खड्डा?"

"जमनी, माह्या हातात नाई आता."

"खाताना होतं ना तोंडात? आजूनही असन कुठं दाताले लागलेलं. मी नाई सोडत तुले, रुपी. मार मले. नाई सोडत."

वरच्या बायांपैकी कुणीतरी जीभ चावली. रुपीबाई गुळाचा तो खडा हातात धरून बसून राहिली. घामानं तो तिच्या तळव्याला चिकटू लागला. आणि गंमत अशी की, सकाळपासून एकवीस दारांवर जी लाज साचत होती ती आता थोडी हलकी झाली. एक तरी बाई म्हणत होती की तू दिलेला शब्द खरा आहे.

ती धावजीकडं गेली. धावजीनं दाढी कुरवाळली. मग म्हणाला, "एका घरानं जरी नाई सोडलं त बोल उभा हाये. मी नाई केली ही रीत."

बंडीवाला वाट पाहत होता. रुपीबाईनं त्याला सांगितलं, "तू जा. आमदाराले सांग, एका घरानं सोडलं नाई. मी इथंच हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती झिऱ्यावर बसली. वाटी धरायची सवय हातातून गेली नव्हती. पाठीतून मात्र गेली होती. तिसऱ्या दिवशी दोन माणसं अर्ज घेऊन नाल्यातच आली. घरी नायकण नाही, म्हणून विचारत विचारत पोचली होती. तिनं त्यांचे अर्ज हंड्याखाली ठेवले आणि त्यांना वाटीभर पाणी दिलं. "चाहा नाई इथं," ती म्हणाली. "पाणीही असंच हाये."

ती माणसं महागावच्या बाजाराला गेली. बाजारातून ही गोष्ट गावोगाव गेली: आमदाराची बायको रेतीतून वाटीनं पाणी काढून राह्यली. विरोधी पक्षाच्या एका वकिलानं तर सभेत सांगून टाकलं.

पाचव्या दिवशी डोंगरसिंग आला. पांढऱ्या कपड्यांत, नाल्याच्या काठावर उभा राहिला. बाया आपापले हंडे सोडून दूर सरल्या.

"लोकायले तमाशा दावून राह्यली का?"

"पाणी भरून राह्यली. तमाशा असता त गर्दी इतक्या दूर उभी नसती राह्यली."

"घरी चाल."

"जमनीले इचारा. तिनं सोडलं का येतो."

डोंगरसिंगनं जमनीकडं पाहिलं. जमनीनं पदर ओढून पाठ केली.

तो खाली उतरला. चपला काढल्या. खड्ड्याच्या कडेला बसून त्यानं वाटी घेतली आणि रेतीत दाबली. पाणी येईपर्यंत तो वाट पाहत राहिला. वाटी भरली तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर चिखल लागला होता. ती वाटी त्यानं हंड्यात ओतली, आणि हंड्यात वाकून पाहिलं.

"भय्यासाहेबाले मी कोणतं तोंड दाखवू, रुपी?" तो हळू म्हणाला. "त्याच्या घरी बसून शब्द देला."

"मीही देला. आपल्या घरी बसून."

"टिकिट गेलं त?"

टिकिट गेलं तर तो काय करील, हा प्रश्न तिनं पाच दिवस रेतीत बसून स्वतःला विचारला होता. त्याला आता शेती जमणार नव्हती. बाजारात लोक त्याला वाट देत, ती वाट बंद होईल. मागच्या बाकावर का होईना, त्याला बसायची सवय लागली होती. तिनं वाटी पुन्हा रेतीत दाबली. तो चपला हातात घेऊन निघून गेला. होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

आठ दिवसांनी यवतमाळहून एका माणसाच्या हाती चिठ्ठी आली. तांड्यात वाचणारं कोणी नव्हतं. खालच्या गावच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी धावजीच्या ओट्यावर उभं राहून वाचलं: "ओव्हरसियर गुरुवारी जागा पाहायला येतील. धावजी नायकास हजर राहण्यास सांगणे. बोरखडीस मी स्वतः जाऊन सांगितले. भय्यासाहेबांनी मला बसा म्हटले नाही. शुक्रवारी घरी येतो."

तांड्यात एकच गलका झाला. जमनीनं मास्तरांच्या हातून चिठ्ठी घेऊन कपाळाला लावली. रुपीबाईनं ती पुन्हा मास्तरांना दिली. "ते बसा म्हटले नाई, ते पुन्हा वाचा," ती म्हणाली. मास्तरांनी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

गुरुवारी ओव्हरसियर खरोखरच आला. तरुण माणूस, टोपी घामानं भिजलेली. त्यानं फिरून फिरून जागा पाहिली, फीत टाकली आणि चार खुंट्या ठोकून घेतल्या. बायांनी खुंट्यांना कुंकू लावलं. रुपीबाईला जमनी म्हणाली, "आज राह्य. सकाळी जाशील." पण रुपीबाईला आता दम निघत नव्हता. उद्या डोंगरसिंग घरी येईल, एकटा, भय्यासाहेबाच्या दारातून उभ्या उभ्या परतलेला. त्याच्याआधी तिला पोचायचं होतं. ओव्हरसियरची जीप महागावकडंच चालली होती. ती मागं बसली.

डोंगर उतरताना तिनं विचारलं, "साहेब, इहीर कधी खोदान?"

"मंजुरी येईल. मग कामाला लागू. पावसाळा मध्ये येतो ना, बाई. दिवाळीनंतर धरा."

"दिवाळीनंतर त टिकिटं वाटतीन."

"हो, मग निवडणूक." ओव्हरसियर हसला. तो चांगला माणूस होता, त्याच्या मनात काही नव्हतं. "खोदाई आधी सुरू झाली तर बरं. खोदलेल्या विहिरीला कोणी हात लावत नाही. नुसत्या खुंट्या राहिल्या तर नवे आमदार काय म्हणतील, सांगता येत नाही."

जीप दोन वळणं उतरली. रुपीबाई मागं पाहत होती. मग पुढं. मग पुन्हा मागं.

"थांबवा," ती म्हणाली.

"काय झालं? काही विसरलं का?"

ती तोवर उतरली होती. फेटियाची घडी सावरली, चुडे वर सारले. "साहेब, तुमी महागाववरूनच जाता ना? रस्त्याले लागून आमचा तांडा हाये, ओटा असलेलं घर. तिथं कोणालेही सांगा, उद्या आमदार आले का घरी नोको थांबू म्हना. इकडं वर या म्हना."

"सांगतो. आणखी काही?"

रुपीबाईनं डोंगराकडं पाहिलं. तांडा दिसत नव्हता, पण धूर दिसत होता. सासऱ्याच्या वेळची लोखंडी पहार घरच्या गोठ्यात, दाराच्या मागं उभी होती. गेल्या चार वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता.

"येताना पहार घेऊन या म्हना," ती म्हणाली आणि चढायला लागली.